हट्टी नटाची गोष्ट

रविवारच्या पुरवणीत 'नट' हा शब्द दिसला की वाचकांच्या डोळ्यांपुढे रंगवलेला चेहरा उभा राहतो. आधीच सांगून टाकतो, या लेखातला नट लोखंडाचा आहे. त्याला संवाद नाहीत, त्याच्या नावाची पाटी लागत नाही आणि तो जन्मभर एका पत्र्याच्या टोपणाखाली, चिखलात आणि ग्रीसमध्ये बसून असतो. नाटकातला नट रुसला तर फार तर प्रयोग रद्द होतो, लोक तिकिटाचे पैसे परत घेऊन घरी जातात. हा नट रुसला तर गाडीचा ब्रेक दुरुस्त होत नाही. आणि तशीच गाडी घाटात घातली तर लोक घरी जातीलच याची खात्री नसते.

मी बोलतो आहे तो जुन्या जीपच्या मागच्या अ‍ॅक्सलवरचा नट. जीप म्हणजे खरीखुरी जीप, हल्लीच्या वातानुकूलित, संगीत ऐकवणाऱ्या गाड्या नव्हेत. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने ही गाडी सहा लाखांहून अधिक संख्येने बनवली. युद्ध संपल्यावर विलीज कंपनीने तिला शेतावर जुंपले. इकडे १९४५ साली महिंद्र बंधू आणि मलिक गुलाम मोहम्मद यांनी 'महिंद्र अँड मोहम्मद' नावाची कंपनी काढली. फाळणीनंतर मोहम्मदसाहेब पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले, पुढे गव्हर्नर जनरलही झाले आणि १९४८ मध्ये कंपनीच्या नावातला दुसरा शब्द बदलून तिथेही 'महिंद्र' आले. त्याच सुमारास मुंबईत विलीजच्या सुट्या भागांची जुळणी सुरू झाली. एका देशाचे दोन देश झाले त्याची नोंद अशी एका मोटार कंपनीच्या पाटीवरही उमटलेली आहे.

ही जीप पुढे सरकारी खात्यांत गेली, निवडणुकीत गेली, पाटबंधाऱ्याच्या साहेबांना घेऊन धरणांवर गेली. १९८० च्या दशकात ग्रामीण शाखेत असताना कर्जाच्या पाहणीला मीही अशाच जीपमधून हिंडलो. गाईसाठी कर्ज घेतलेल्या माणसाच्या गोठ्यात खरोखर गाय आहे की शेजाऱ्याची आणून बांधली आहे, हे बघायला जायचे असे. मागे आडव्या बाकड्यावर बसलेल्या माणसाला रस्त्यावरच्या प्रत्येक दगडाचा स्वतंत्र परिचय होई. पण ती कधी अडली नाही आणि अडली तरी गावातला लोहार तिला चालती करू शके.

आता हा नट काय करतो ते घरातल्या भाषेत सांगतो. मागच्या चाकाला फिरवणारी पोलादी कांडी, म्हणजे अ‍ॅक्सल, टोकाला निमुळती असते. त्या निमुळत्या टोकावर चाकाचा हब घट्ट बसतो, बाटलीत बूच बसते तसा. दोघांमध्ये एका खाचेत पोलादाची छोटी पट्टी असते, तिला चावी म्हणतात. आणि या सगळ्याला आत दाबून धरतो तो आपला नट. त्याच्या डोक्यावर किल्ल्याच्या तटाला असतात तशा चर्या असतात. त्यांतून आरपार एक स्प्लिट पिन घालून ती दुमडतात. नट स्वतःहून ढिला होऊ नये म्हणून ही शेवटची कडी. विलीजच्या माहितीपुस्तकात हा नट किमान १५० फूट-पौंड जोराने आवळा असे म्हटले आहे. आपल्या हिशेबात सांगायचे तर एक मीटर लांबीच्या दांड्याच्या टोकाला साधारण एकवीस किलोची ओढ. फार नाही. घरातला धडधाकट मुलगा तेवढे सहज करील.

मग सोडवताना तो का सुटत नाही? एक तर नट आवळताना लावलेल्या जोरातला मोठा भाग, अभियंत्यांच्या ढोबळ हिशेबाने दहातले नऊ भाग, नुसत्या घर्षणात जातो. खरी पकड उरलेल्या एका भागाची. त्यात पाणी शिरले की गंज धरतो, आणि गंज हा ज्या लोखंडातून निघतो त्याच्या दुपटीहून जास्त जागा मागतो. आट्यांच्या फटीत जागा कुठली असायला? मग तो पाचरीसारखा ठासून बसतो. बँकेतल्या माणसाला हे नवे नाही. मुद्दल तेवढेच असते, वरचे साचत गेलेले व्याज काही वसूल होऊ देत नाही.

चिपळूणला २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठी आणि शिव या नद्यांचे पाणी शहरात शिरले आणि बाजारपेठ पाण्याखाली गेली. त्या पाण्यात माझ्या एका बागाईतदार मित्राची जीपही बुडाली. १९६० च्या दशकातली, उंच बॉनेटची, मूळचे पेट्रोल इंजिन काढून डिझेलचे बसवलेली. पुरानंतर घर, दुकान, कागदपत्रे, विम्याचे फॉर्म यांतून जीपकडे बघायला कोणाला वेळ होता? इंजिन तेवढे उघडून धुतले आणि गाडी मांडवाखाली लावून ठेवली. ती एकदम पुढच्या एप्रिलमध्ये आठवली, कारण आंबा तयार झाला. बाग कुंभार्ली घाटाच्या पायथ्याला, आणि पेट्या जायच्या घाट चढून कराडला. शिवाय नोंदणीची पाच वर्षांची मुदतही संपत आली होती. पंधरा वर्षांवरची खासगी गाडी दर पाच वर्षांनी आरटीओपुढे उभी करावी लागते, आणि तिथे ब्रेक बघतातच.

मागच्या डाव्या चाकातून तेल झिरपत होते. आतले ऑइल सील गेले होते आणि गिअरचे तेल ब्रेकच्या लायनरवर येत होते. सील बदलायचे तर हब काढायला हवा आणि हब काढायचा तर नट. आंबे पिकायला लागले होते. मी तेव्हा त्यांच्याकडे पाहुणा होतो. बँकेतून निवृत्त झालेल्या आणि कादंबरी अडकून बसलेल्या माणसाला दुसऱ्याचे अडकलेले काम बघण्यात जो आनंद होतो तो घ्यायला मी रोज गॅरेजवर जाऊन बसलो.

मिस्त्री साठीच्या आसपासचे, मितभाषी. पुरात त्यांच्या गॅरेजमधली हत्यारेही गेली होती. 'गोटी पान्यांचा संच सापडला, पुलर गेला,' एवढेच ते म्हणाले. हाताखाली त्यांचा भाचा, विशीतला. पहिल्या दिवशी सकाळी त्यांनी टोपण उघडले. स्प्लिट पिन पकडीत धरली तर तिचा भुगाच हातात आला. भोकात राहिलेला तुकडा बारीक खिळ्याने ठोकून काढायला अर्धा तास गेला. मग तारेच्या ब्रशने आटे घासले, डिझेल सोडले, वर त्यांचे ठेवणीतले मिश्रण घातले. अर्धे अ‍ॅसिटोन आणि अर्धे ऑटोमॅटिक गिअरचे तेल. पातळ द्रव तेलाला घेऊन फटीत शिरतो आणि स्वतः उडून जातो, तेल आत राहते. दर तासाने भाचा येऊन हातोडीने नटाच्या बाजूंवर टकटक करून जाई. जोराने नाही. देवळातल्या पुजाऱ्याने घंटा हलवावी तसे.

इथे एक धोक्याची गोष्ट. हा नट सोडवताना गाडी जॅकवर घेऊ नये. चारी चाके जमिनीवर हवीत आणि एकाने ब्रेक दाबून धरायला हवा. कारण लांब पाइपाला लटकून जोर लावायचा, आणि जॅकवरची गाडी त्या जोराने कलंडते. दुसरे असे की पाना नेमक्या मापाचा हवा. जीप इंचांत बनलेली आहे. आपल्याकडे मेट्रिक मापे १९५८ पासून टप्प्याटप्प्याने आली, गॅरेजातले पाने मिलिमीटरचे झाले, पण जीप आपल्या इंचांना आणि सुतांना धरून राहिली. एक इंच एक सूत म्हणजे साडेअठ्ठावीस मिलिमीटरांहून किंचित जास्त. त्याला तीसचा पाना लावला तर दीड मिलिमीटरची फट राहते आणि जोर बसला की नटाच्या कडा गोल होतात. मग तो नट कोणाच्याच हाती लागत नाही. मिस्त्रींकडे इंचांच्या गोट्या कापडात गुंडाळून वेगळ्या ठेवलेल्या होत्या.

आणि उलटे आटे. जुन्या विलीज घराण्याच्या पुष्कळ गाड्यांत डाव्या बाजूच्या चाकांचे नट उलट दिशेने सुटतात. ज्याला हे ठाऊक नाही तो सोडवतो आहे असे समजून दिवसभर आवळत बसतो. पण मधला अ‍ॅक्सलचा नट मात्र दोन्ही बाजूंना सरळ आट्यांचाच. भाच्याला हे दोनदा विचारावेसे वाटले. मामांनी दोनदा सांगितले.

संध्याकाळी पाइप लावला. सहा फुटी. सत्तर किलोचा भाचा टोकाशी लोंबकळला. मी कागदावर हिशेब केला, माहितीपुस्तकातल्या जोराच्या सहापट जोर पडत होता. नट हलला नाही. पाइप वाकला.

दुसऱ्या दिवशी उष्णता. एक इंच व्यासाचा पोलादी नट दोनशे अंशांनी तापवला तर त्याचे भोक साधारण सहा शतांश मिलिमीटरने वाढते. डोक्याच्या केसाएवढे म्हणा. पण गंजाची पकड तेवढ्यानेही तडकू शकते. अट एवढीच की तापायला हवा तो नट, आतली कांडी नव्हे. अ‍ॅक्सल भट्टीत घालून विशिष्ट रीतीने कडक केलेला असतो. तो लाल होईपर्यंत तापवला तर त्याचे पाणी उतरते आणि पुढे कधीतरी तो तिथेच तुटतो. आतले बेअरिंगचे ग्रीस आणि ब्रेकचे तेल पेट घेते ते वेगळेच. मिस्त्रींनी लहान ज्योत नटाच्या कडांवरून फिरवली, ओले फडके कांडीच्या टोकाला लावले आणि पाइप लावून नट आधी आवळायच्या दिशेने दाबला, मग सोडायच्या. आधी आवळायचा, मग सोडायचा, हे ऐकायला विचित्र वाटते. पण गंजाला एकाच बाजूने ढकलत राहण्यापेक्षा दोन्ही बाजूंनी हलवले तर तो लवकर तुटतो.

पाचदा झाले. नट जागचा हलला नाही.

मित्राचा धीर सुटला. रस्त्यापलीकडे वेल्डिंगचे दुकान होते. 'मिस्त्री, गॅस कटर बोलावू का? दोन मिनिटांत उडवून टाकील.'

'नट उडेल काका,' मिस्त्री म्हणाले. 'त्याच्याबरोबर आटेपण जातील. नट बाजारात मिळतो. या गाडीचा अ‍ॅक्सल शोधायला तुम्ही कुठे जाणार?'

'मग काय करू या? पेट्या भरून पडल्यात.'

'एक दिवस द्या.'

मला हा सगळा प्रसंग कर्जसमितीच्या बैठकीसारखा वाटला. काहीतरी बुडणार हे नक्की झालेले असते, प्रश्न एवढाच उरतो की काय बुडवायचे. तिथे मी पाहिलेली बहुतेक माणसे लहान रक्कम वाचवायला जात आणि मोठी घालवत. मिस्त्रींनी नट बुडीत खात्यात टाकला होता, आणि तोही सावकाश, आटे जपून.

त्यांनी ग्राइंडर घेतला नाही. पातळ हॅक्सॉ घेतली आणि नटाची एक सपाट बाजू अ‍ॅक्सलच्या लांबीशी समांतर कापायला सुरुवात केली. ग्राइंडरने काम दहा मिनिटांत होते, पण हात क्षणभर चुकला तर चाक आट्यांवर जाते. हॅक्सॉ हळू जाते म्हणून कळत जाते. आट्यांपासून कागदाएवढी जाडी उरली तेव्हा ते थांबले. चष्मा पुसला. खाचेत छिन्नी धरली आणि घणाचा एकच घाव घातला. टिंग असा आवाज आला. साठ वर्षांचा जुना नट फाकला आणि बोटांनी फिरवून काढता आला.

आता हब. आणि हब हा नटापेक्षा अवघड. निमुळत्या कांडीवर तो इतकी वर्षे दाबून बसलेला असतो की त्याला ओढून काढायला चाकाच्या बोल्टांवर बसणारा जड पुलर लागतो. तीन पायांचा साधा पुलर लावला तर ड्रमची कड वाकते. अ‍ॅक्सलच्या टोकावर घण मारणे तर फार वाईट. टोक फुलते आणि आतल्या बेअरिंगला मार बसतो. मिस्त्रींचा पुलर वाशिष्ठीने नेलेला.

त्यांनी नवा नट टोकावर चार आटे बसवला, पूर्ण आवळला नाही, पण नवी स्प्लिट पिन मात्र घातली. चाक चढवले. आणि भाच्याला म्हणाले, 'मैदानात ने आणि आठ काढ.'

मोटार चालवण्याचा परवाना ज्याने ज्याने काढला आहे त्याला आरटीओतला तो आठ आठवत असेल. इथे तो गाडीलाच काढायला लावतात. वळताना चाकावर एकदा या अंगाने आणि एकदा त्या अंगाने जोर येतो आणि हब आपल्या जागेवर डुलायला लागतो. नट टोकाला असल्यामुळे हब सुटला तरी चाक बाहेर येत नाही, पिन आहे म्हणून नट जात नाही. हबचा बार निघाल्यासारखा आवाज होतो, म्हणून नट पूर्ण काढून समोर उभे राहण्याचा शहाणपणा कोणी करू नये. त्या उडालेल्या हबने माणसाचे पाय मोडले तर नवल नाही. शाळेच्या मैदानात क्रिकेट खेळणारी पोरे बाजूला झाली. भाच्याने अगदी सावकाश पहिला आठ काढला. दुसरा काढला. तिसऱ्याच्या मध्यावर मागून थाडकन आवाज आला. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मिस्त्रींनी नुसता हात वर करून गाडी थांबवली.

ड्रम उतरला तेव्हा लायनर तेलाने काळे झालेले दिसले, ते अपेक्षितच होते. अपेक्षित नव्हती ती चावी. मिस्त्रींनी ती खाचेतून काढली, पुसली आणि मित्राच्या तळहातावर ठेवली. पोलादाच्या त्या पट्टीच्या मधोमध पायरी पडली होती. वरचा अर्धा भाग खालच्या अर्ध्यापासून सरकला होता. कधीतरी कोणीतरी तो नट पुरेसा न आवळता पिन घातली होती. हब वर्षानुवर्षे कांडीवर किंचित हलत होता आणि सगळा मार चावी खात होती. नट गंजला तो पुढे.

'ही घाटात तुटली असती तर?' मित्राने विचारले.

याचे उत्तर मिस्त्रींनी दिले ते मी पुढे स्वतःला समजावून घेतले, म्हणून इथे माझ्या शब्दांत देतो. या जीपचा हातब्रेक चाकावर नसतो. तो गिअरपेटीच्या मागे, मागच्या चाकांकडे जाणाऱ्या दांड्यावर असतो. चावी तुटली की त्या बाजूचे चाक कांडीपासून सुटे होते. मग मागच्या डिफरन्शियलमधला सगळा जोर त्या सुट्या कांडीकडे जातो, ती नुसती गरगरते. इंजिनाचा रोध संपला, हातब्रेकही संपला. पुढच्या चाकांना जोर जोडलेला नसेल तर उरतो फक्त पायाचा ब्रेक, आणि त्यातल्या एका चाकाचे लायनर तेलात भिजलेले. मागे आंब्याच्या पेट्या, पुढे कुंभार्लीचे वळण.

मित्र बराच वेळ ती चावी बघत उभा होता. नंतर त्याने कोणाला तरी फोन करून पेट्यांसाठी भाड्याचा टेंपो सांगितला. जीपची घाई नाही म्हणाला.

नवे सील, नवे लायनर, नवी चावी. अ‍ॅक्सलचे निमुळते टोक आणि हबचा आतला भाग पेट्रोलने पुसून कोरडा केला. तिथे ग्रीस लावायचे नसते, पकड कोरड्या पोलादाचीच. मग प्रश्न आला किती आवळायचे याचा. जोर मोजणारा पाना पुरात गेलेला. मित्राच्या पडवीत काजू तोलायचा ताणकाटा होता. मीटरभर लांब पाइप लावला, टोकाला काटा अडकवला आणि भाच्याने काटकोनात ओढला. काटा एकवीसवर आला तेव्हा मिस्त्री 'बस' म्हणाले. बँकेत तीस वर्षे आकडेमोड केली, पण माझा आकडा इतक्या सरळ उपयोगी पडल्याचे मला दुसरे उदाहरण आठवत नाही.

पिनचे भोक नटाच्या चर्यांशी जुळत नव्हते. थोडे पुढे होते. भाचा म्हणाला, 'मामा, जरासा मागे घेऊ? लगेच जुळतंय.'

'मागे नाही. पुढे ने.'

पुढच्या खाचेपर्यंत नेताना काटा सत्तावीसवर गेला. पिन बसली, टोके दुमडली, टोपण ठोकले. दोन तुकडे झालेला जुना नट मिस्त्रींनी पत्र्याच्या डब्यात टाकला. मग ते उकिडवे बसत बसत उजव्या बाजूला सरकले, तिथले टोपण उघडले आणि भाच्याकडे डिझेलच्या डब्यासाठी हात पुढे केला.